ऊसतोडीला जाणाऱ्या आई-बापांकडून हमीपत्र मागणाऱ्या शिक्षण अधिकाऱ्यांना खुले पत्र

मा. शिक्षणाधिकारी (प्राथमिक),
आणि आपल्या अखत्यारीतील सर्व गटशिक्षणाधिकारी, विस्तार अधिकारी व केंद्रप्रमुख यांस,

सप्रेम नमस्कार.

दसऱ्याच्या आधी आपल्या कार्यालयाकडून आमच्या वाडीच्या शाळेत कोऱ्या हमीपत्रांचा गठ्ठा आला. ऊसतोडीला जाणाऱ्या प्रत्येक आई-बापाने त्यावर सही किंवा अंगठा करायचा, असा निरोप होता. मजकूर थोडक्यात असा: मी कामासाठी स्थलांतर करीत आहे, माझ्या माघारी पाल्य शाळेत नियमित येईल याची जबाबदारी माझी राहील, त्याचे शैक्षणिक नुकसान झाल्यास मी स्वतः जबाबदार राहीन आणि शाळेबद्दल किंवा प्रशासनाबद्दल माझी तक्रार असणार नाही. शाळा व्यवस्थापन समितीची अध्यक्ष म्हणून हे कागद भरून घेण्याचे काम माझ्याकडे आले. मी ते भरून घेतलेले नाहीत आणि घेणारही नाही. हा प्रश्न एकट्या आमच्या वाडीचा नाही. ज्या ज्या गावातून ऊसतोडीच्या टोळ्या बाहेर पडतात तिथल्या पालकांनी आणि गुरुजी-बाईंनीही हे वाचावे, म्हणून पत्र उघडपणे लिहीत आहे.

मी कोण, ते आधी सांगते. मराठवाड्याच्या डोंगरपट्ट्यात आमची वाडी आहे. जमीन कोरडवाहू, तीही तुकड्यातुकड्यांची. खरिपाचे काय ते हाती आले की घरोघरची जोडपी कोयता घेऊन निघतात. माझे आई-वडील बरीच वर्षे पश्चिम महाराष्ट्रातल्या कारखान्यांना जात. मला आजीपाशी ठेवले म्हणून मी शिकले. थोरल्या बहिणीला धाकट्या भावाला सांभाळायला सोबत नेले आणि तिची शाळा चौथीतच सुटली. दोघी एकाच घरच्या, एकाच आई-बापाच्या. त्यामुळे आई-बापांना शिक्षणाची किंमत कळत नाही, असे कोणी म्हणाले की मला ते पटत नाही. मी डी.एड. केले, शिक्षक भरतीची वाट पाहिली, नोकरी लागली नाही. आता गावातच शिवणकाम आणि शेती बघते. माझा भाऊ आणि वहिनी तोडीला जातात. त्यांची दोन मुले माझ्या आईपाशी राहतात आणि माझ्या मुलीसोबत याच शाळेत येतात. म्हणजे आपल्या कागदावरचे पहिले अंगठे मला माझ्याच घरात घ्यावे लागले असते.

आता त्या कागदाबद्दल. शिक्षण हक्क कायदा २००९ चा, १ एप्रिल २०१० पासून लागू. त्याच्या आठव्या कलमात सक्तीचे शिक्षण म्हणजे काय याचे स्पष्टीकरण दिले आहे. सहा ते चौदा वर्षांच्या प्रत्येक बालकाचा प्रवेश, त्याची उपस्थिती आणि त्याचे प्राथमिक शिक्षण पूर्ण होणे, या तिन्हींची खात्री करण्याचे बंधन शासनावर आहे. नववे कलम तेच बंधन स्थानिक प्राधिकरणावर, आमच्यापुरते जिल्हा परिषदेवर, घालते. स्थलांतरित कुटुंबांतल्या मुलांच्या प्रवेशाची जबाबदारी तर तिथे वेगळ्या उपकलमात लिहिली आहे. पालकांचे कर्तव्य दहाव्या कलमात येते, आणि ते आहे मुलाला शाळेत दाखल करण्याचे. त्याला दंड ठेवलेला नाही. राज्यघटनेतही २००२ च्या ८६ व्या दुरुस्तीने ५१-क या कलमात आई-बापाचे कर्तव्य घातले गेले: मुलाला शिक्षणाची संधी देणे. हे सगळे आम्हाला मान्य आहे. पण मुलाला शाळेत घालून, म्हातारीच्या हवाली करून पोटासाठी बाहेर पडणाऱ्या बापाकडून त्याच्या मुलाच्या न शिकण्याची जबाबदारी आगाऊ लिहून घ्यावी, अशी तरतूद मला या कायद्यात सापडली नाही. आपल्याला सापडली असेल तर कलमाचा क्रमांक कळवा.

एका अधिकाऱ्यांनी मला फोनवर शाहू महाराजांचा दाखला दिला. महाराजांनी १९१७ मध्ये करवीर संस्थानात सक्तीच्या प्राथमिक शिक्षणाचा आदेश काढला आणि मुलाला शाळेत न पाठवणाऱ्या पालकाला दंड ठेवला, हे खरे आहे. पण कोल्हापुरात त्यांच्या आश्रयाने वसतिगृहे उभी राहू लागली ती १९०१ पासून. मुलाच्या राहण्या-जेवणाची सोय आधी झाली, दंडाची भाषा त्यानंतर आली. आपल्या कार्यालयाने यंदा दुसरी गोष्ट आधी केली आहे.

हमीपत्राचा आणखी एक तोटा आहे आणि मला तोच सर्वांत मोठा वाटतो. आमची माणसे कागदावर अंगठा करायला घाबरतात, कारण त्यांच्या आयुष्यात अंगठा मुकादमाच्या उचलीसाठी, म्हणजे टोळी नेणाऱ्याकडून घेतलेल्या आगाऊ रकमेसाठी होतो आणि मग ती उचल फिटेपर्यंत सुटका नसते. शाळा ही एकच जागा अशी होती, जिथे त्यांच्याकडून काही लिहून घेतले जात नव्हते. यंदा गठ्ठा आल्याची बातमी पसरताच दोन घरांनी शाळेकडे यायचेच टाळले. दाखला मागायला किंवा मुलाची चौकशी करायलाही कोणी आले नाही. ज्या पालकांना जवळ आणायचे तेच या कागदाने लांब गेले.

आता माझ्या तक्रारी. त्या हमीपत्रापुरत्या नाहीत.

पहिली तक्रार पालकसभेच्या वेळेची. कायद्याच्या चोविसाव्या कलमात शिक्षकांची कर्तव्ये दिली आहेत. त्यात पालकांसोबत नियमित सभा घेऊन मुलाची हजेरी, शिकण्याची क्षमता आणि प्रगती यांची माहिती देणे हेही आहे. आमचे पालक गावात असतात ते जूनमध्ये शाळा उघडल्यापासून दसऱ्या-दिवाळीपर्यंत आणि पुन्हा कारखान्याचा पट्टा पडल्यावर, म्हणजे ऊस संपून कारखाना बंद झाल्यावर, मार्च-एप्रिलनंतर. शाळेला पालक भेटण्याचे दिवस हेच. पण सभा कधी घ्यायची, ते वरून आलेल्या वेळापत्रकाने ठरते आणि ती भरते सकाळी अकराला. जुलै-ऑगस्टात अकरा वाजता बाई खुरपणीला असते. सप्टेंबर-ऑक्टोबरात सोयाबीन काढणीला असते. सभेला यायचे म्हणजे त्या दिवसाचा रोज बुडवायचा. आणि जी सभा तपासणीच्या तोंडावर डिसेंबर-जानेवारीत लागते, तिला यायचे म्हणजे फडावरून, ऊसतोडीच्या शेतावरून, खाडा करून, कामाचा दिवस बुडवून यायचे. मग इतिवृत्तात लिहिले जाते की पालकांचा प्रतिसाद अल्प. ते वाक्य केंद्रावरून तालुक्याला जाते, तालुक्यावरून जिल्ह्याला जाते आणि तिथून आमच्याकडे हमीपत्र होऊन परत येते. सभा रात्री आठला देवळासमोर घेतली तर किती आया येतात, हे एकदा येऊन बघा. आमच्या बाईंनी भाद्रपदात तशी सभा घेतली तेव्हा बसायला सतरंजी पुरली नाही.

दुसरी तक्रार शाळा व्यवस्थापन समितीची. एकविसाव्या कलमाप्रमाणे या समितीत किमान तीन-चतुर्थांश सदस्य पालक असावेत, निम्म्या महिला असाव्यात आणि वंचित व दुर्बल घटकांतल्या पालकांना त्यांच्या प्रमाणात जागा मिळावी. कागदावर आमची समिती अगदी नियमानुसार आहे. हंगामात मात्र तिच्यातले बहुतेक सदस्य फडावर असतात. केंद्र सरकारच्या आदर्श नियमांत समितीची बैठक महिन्यातून किमान एकदा व्हावी असे आहे. आमच्याकडे बैठकीऐवजी सह्यांसाठी प्रोसिडिंग बुक फिरते. बाविसाव्या कलमाने शाळा विकास आराखडा करण्याचे काम समितीला दिले आणि अनुदानाचा आधार तोच आराखडा असेल असेही सांगितले. आम्हाला मात्र तो छापील नमुन्यात येतो आणि आमच्या वाट्याला सही उरते. समग्र शिक्षा या सरकारी योजनेतून तीसपर्यंत पटाच्या शाळेला वर्षाचे संयुक्त अनुदान १०,००० रुपये. त्यातून वीजबिल, खडू, दुरुस्ती सगळे भागवायचे, त्यातलाच ठरलेला हिस्सा स्वच्छतेवर खर्चायचा. संध्याकाळी मुलांनी एकत्र अभ्यासाला बसावे म्हणून आम्हाला एक खोली आणि उजेडाची सोय हवी होती. ज्या घरात फक्त आजी आहे, तिथे अंधार पडला की मूल झोपते. नमुन्यात या गोष्टीसाठी रकानाच नव्हता. आराखडा पालकांनी करायचा असेल तर पालकांना काय हवे आहे ते लिहायला त्यात जागा असली पाहिजे.

तिसरी तक्रार हंगामी वसतिगृहाची, आणि ती मी सविस्तर मांडते, कारण मूल गावात राहणार की फडावर जाणार हे तिथे ठरते.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते. हंगामी वसतिगृहात मूल आपल्याच गावात, आजी-आजोबांकडे किंवा नातेवाइकांकडे झोपते. दुपारचा पोषण आहार शाळेत मिळतोच, सकाळ-संध्याकाळचे जेवण या योजनेतून मिळते. चालवायची शाळा व्यवस्थापन समितीने, स्वयंपाक बहुधा बचत गटाच्या बायकांचा. मला ही योजना मनापासून आवडते. ती आई-बापाला दोष देत नाही, तुम्ही जा, मुलाच्या ताटाचे आम्ही बघतो, असे म्हणते. शाळा आणि घर यांनी मिळून मूल सांभाळण्याचा इतका साधा आणि नेमका मार्ग दुसरा नाही.

पण मंजुरी कधी येते? मूल ठेवायचे की न्यायचे, हा निर्णय आई शेवटच्या आठ दिवसांत घेते. मुकादमाचा निरोप आला, ट्रॅक्टर कधी लागणार ते कळले, की ती सासूशी, आईशी, जावेशी बोलते. सगळ्या बोलण्याचा अर्थ एकच असतो: याला रोज दोन वेळा कोण घालणार? म्हातारीला स्वतःचेच होत नाही. अशा वेळी मुख्याध्यापकांना सांगता आले पाहिजे की उद्यापासून जेवण सुरू आहे, ठेवून जा. तसे सांगता येत नाही. प्रस्ताव गेला आहे, मंजुरी येईल, एवढेच सांगता येते. ‘येईल’ या शब्दावर कुठली आई पोर मागे ठेवील? मूल मोळ्यांच्या दोऱ्या आणि भांड्यांच्या पोत्याशेजारी ट्रॅक्टरवर चढते. त्यानंतर केव्हातरी मंजुरी येते. तोवर यादीतली अर्धी नावे गावात नसतात. मग विचारणा होते की यादीतली मुले कुठे गेली, आणि शिक्षकांना ती परत आणायला सांगितले जाते. शंभर-दोनशे किलोमीटरवरच्या फडातून मूल कसे परत आणायचे, आणि आणले तरी त्याला आई-बापापासून कोणत्या तोंडाने वेगळे करायचे?

बिलांची गोष्टही याच तक्रारीत येते. बचत गटाच्या बायका उधारीवर किराणा आणून चार-पाच महिने मुलांना जेवू घालतात. बिल निघते ते पुढचा पाऊस आला की. पुढच्या वर्षी त्या नाही म्हणतात आणि अहवालात लिहिले जाते की स्थानिक गट तयार नाहीत.

मोठ्या मुलींचे याहून कठीण आहे. मुलगी सातवी-आठवीत गेली की तिला एकटीला म्हाताऱ्या माणसापाशी ठेवायला आईचा जीव होत नाही. ती भीती खोटी नाही. मग मुलीला सोबत नेतात. तिथे ती स्वयंपाक करते, धाकट्याला सांभाळते, हळूहळू तिच्या हातातही कोयता येतो. नाहीतर लग्न लावून देतात, अठराची वाट न पाहता. नवरा-बायको मिळून एक कोयता धरला जातो आणि उचल जोडीला मिळते, हेही त्यामागे असते. ऊसतोड कामगारांच्या मुलांसाठी संत भगवानबाबांच्या नावाने शासकीय वसतिगृहांची योजना २०२१ पासून आली, ती चांगली आहे आणि वाढली पाहिजे. पण त्या वसतिगृहात मुलीला सोडायला आई-बाप तयार व्हायचे तर त्यांनी ते आधी डोळ्यांनी पाहिलेले हवे, तिथल्या बाईंशी बोललेले हवे. आमच्या वाडीतल्या एकाही आईला अशी भेट कोणी घडवलेली नाही.

चौथी तक्रार. मागे राहिलेल्या मुलांच्या आज्या आपल्या लेखी नाहीतच. कायद्यात पालक या व्याख्येत ज्याच्याकडे मुलाचा सांभाळ आणि ताबा आहे ती व्यक्ती येते. म्हणजे हंगामात आजी कायद्याने पालक आहे. तिला सभेचे निमंत्रण नसते, प्रगतिपत्रकावर तिची सही चालत नाही, मुलाचे काय चालले आहे ते तिला कोणी सांगत नाही. माझी आई रोज दोन नातवंडांना आवरून शाळेत धाडते. तिच्याशी शाळेने कधी औपचारिकपणे बोलावे, अशी सोय कोणत्याही परिपत्रकात मी पाहिली नाही.

जी मुले आई-बापासोबत जातात त्यांना तिकडच्या शाळेत बसता यावे म्हणून शिक्षण हमी कार्ड आहे. ते इथून घाईत भरून दिले जाते आणि तिकडच्या शाळेत त्याला फारसे कोणी विचारत नाही, असे परत आलेली मुले सांगतात. कार्ड देणाऱ्या शाळेने घेणाऱ्या शाळेला एक फोन करावा, एवढे साधे काम कोणावरच सोपवलेले नाही.

आणि अभ्यास फोनच्या गटावर पाठवण्याची जी सवय करोनाच्या काळात लागली, ती अजून तशीच आहे. घरात फोन एक, तो बापाच्या खिशात, बाप फडावर. मूल आजीपाशी. मग तो अभ्यास पोहोचतो कोणाला?

एवढे लिहिताना मी शिक्षकांच्या बाजूनेही बोलते आहे. दोन शिक्षकी शाळेत एक जण कायम ऑनलाइन माहिती भरत असतो. जनगणना, आपत्ती आणि निवडणूक सोडून इतर अशैक्षणिक कामाला शिक्षकांना लावू नये, असे सत्ताविसावे कलम सांगते. तरी एकामागून एक माहिती मागवली जाते. जो वेळ पालकांच्या दारात जाण्यात जावा तो रकाने भरण्यात जातो. हमीपत्रे गोळा करणे हाही त्यातलाच एक रकाना.

आमच्याकडचे सगळेच पालक साधुसंत आहेत असे मी म्हणणार नाही. उचलीतले पैसे दारूत घालवणारे बाप आमच्या वाडीत आहेत. मुलीला कशाला शिकवायचे, असे तोंडावर म्हणणारेही आहेत. त्यांच्याशी मी भांडते आणि पुढेही भांडेन. पण त्यांच्यावरून सगळ्यांचा हिशेब लावू नका. आणि अशा बापाकडून हमीपत्र घेतले तरी त्याच्या मुलाच्या पदरात काय पडणार?

पालकांना लिहिता-वाचता येत नाही, ते घरी काय शिकवणार, असे आपल्यातले काही जण म्हणतात. याचे उत्तर आपल्याच खात्याकडे आहे. २०२२ मध्ये ‘पहिले पाऊल’ हे शाळापूर्व तयारीचे अभियान निघाले. त्यात वाडी-वस्तीवर माता पालक गट केले, आयांना कृतींची कार्डे दिली. भाजी निवडताना मोजायला लावा, कपड्यांच्या घड्या घालताना आकार ओळखायला लावा, गोष्ट सांगून प्रश्न विचारा. अक्षरओळख नसलेली आईही हे करू शकते, हे मान्य करूनच तो कार्यक्रम आखला होता. पहिलीच्या उंबरठ्यावर ज्या आईवर आपण विश्वास ठेवला, ती मूल तिसरीत गेल्यावर एकदम निरुपयोगी होते का?

आमच्या बाईंनी स्वतःहून काय केले ते सांगते. त्यांनी चार आज्यांना शाळेत बोलावून जात्यावरच्या ओव्या म्हणायला लावल्या आणि त्या मोठ्या अक्षरांत तक्त्यावर लिहिल्या. दुसरीची मुले तो तक्ता वाचायला शिकली, कारण ओळ अडली तरी पुढचा शब्द त्यांना कानाने माहीत होता. तोडीला निघण्याआधी त्यांनी बापांना वर्गात बोलावले आणि मोळ्या, टन, तोडणीचा दर, उचल, कमिशन, खाडा असा हिशेब फळ्यावर मांडायला सांगितला. चौथीच्या मुलांनी तो सोडवला. त्यातल्या एका मुलाने घरी जाऊन मागच्या हंगामाचा हिशेब पुन्हा मांडला. शाळेत जे चालते ते आपल्या कामाचे आहे, हे त्या बापांना त्या दिवशी दिसले. याला एक रुपयाही अनुदान लागले नाही. बाईंना पालक गावात कधी असतात ते ठाऊक होते आणि पालकांकडे ज्ञान आहे यावर त्यांचा विश्वास होता.

फोनबद्दलही असेच. आफ्रिकेतल्या बोट्सवाना देशात २०२० मध्ये शाळा बंद असताना एक प्रयोग झाला. काही घरांना गणिताचे नुसते मेसेज पाठवले. काही घरांना मेसेजसोबत आठवड्यातून एकदा पंधरा-वीस मिनिटांचा फोन केला, त्यावर पालक आणि मूल दोघेही बोलायचे. नुसत्या मेसेजने म्हणावा असा फरक पडला नाही, फोन झालेल्या घरांतल्या मुलांचे गणित सुधारले. पुढे भारतासह पाच देशांत हाच प्रयोग करून पाहिला गेला आणि तिथेही फायदा दिसला. बिहार आणि राजस्थानातल्या गावांमध्ये आयांना साक्षरतेचे वर्ग आणि मुलांसोबत घरी करायच्या कृती दिल्या, तेव्हा मुलांच्या गणितात थोडी पण मोजता येण्याजोगी वाढ झाली. हे मी मोठेपणासाठी सांगत नाही. गरीब, कमी शिकलेल्या घरांसोबत काम केले तर मूल पुढे जाते, हे तपासून झालेले आहे. फडावरच्या आईला आठवड्यातून एकदा शाळेचा फोन जाणे आणि त्याच फोनवर तिने आपल्या मुलाने शिकलेली गोष्ट त्याच्याच तोंडून ऐकणे, ही आपल्या यंत्रणेला न झेपणारी गोष्ट नाही.

आता मागण्या.

हमीपत्रे मागे घ्यावीत आणि तसे लेखी परिपत्रक सर्व शाळांना पाठवावे. ज्या शाळांनी ती भरून घेतली असतील तिथली पालकांना परत करावीत. आमच्या शाळेतला गठ्ठा मी या पत्राच्या प्रतीसोबत परत पाठवत आहे.

हंगामी वसतिगृहांची मंजुरी ऑगस्टअखेर मिळावी. शाळेने मागच्या तीन वर्षांच्या स्थलांतराची नोंद धरून यादी द्यावी आणि जेवण पहिली टोळी निघण्याच्या आदल्या दिवशी सुरू असावे. बचत गटाचे बिल दर महिन्याला निघावे.

स्थलांतर होणाऱ्या गावांत पालकसभांचे वेळापत्रक शाळा व्यवस्थापन समितीने ठरवावे. सभा जून ते दसऱ्याच्या दरम्यान आणि पट्टा पडल्यावर व्हाव्यात, संध्याकाळी व्हाव्यात आणि गरज असेल तर वस्तीवर व्हाव्यात. रात्री सभा घेणाऱ्या शिक्षकाला त्या वेळेचा मोबदला म्हणून सवलत मिळावी. हे काम त्यांच्या उपकारावर सोडू नये.

हंगामाच्या काळात आजी-आजोबा किंवा जो कोणी मुलाला सांभाळतो त्याची पालक म्हणून नोंद व्हावी, त्याची सही किंवा अंगठा सर्व कागदांवर चालावा आणि समितीत त्यांच्यापैकी किमान दोन जणांना निमंत्रित म्हणून बसवावे. फडावर गेलेल्या सदस्यांना फोनवरून बैठकीत भाग घेता यावा आणि त्याची नोंद इतिवृत्तात व्हावी.

प्रत्येक शिक्षण हमी कार्डासोबत देणाऱ्या आणि घेणाऱ्या शाळेच्या मुख्याध्यापकांचे बोलणे झाल्याची नोंद असावी. मूल परत आल्यावर तिकडे काय शिकले ते पाहून मगच त्याची तयारी करून घ्यावी. परत आलेल्या मुलाला वर्गासमोर मागे पडलेला म्हणू नये, ही सूचना शिक्षकांना मिळावी.

आठवड्यातून एकदा फडावरच्या आई-बापाशी मुलाची आणि शिक्षकाची फोनवर गाठ पडावी, त्याचा रिचार्ज शाळेच्या अनुदानातून व्हावा आणि तेवढ्यासाठी शिक्षकांकडून मागवल्या जाणाऱ्या माहितीतले निदान काही रकाने कमी व्हावेत. कोणते कमी करायचे ते मुख्याध्यापकांना विचारा, ते लगेच सांगतील.

शाळा विकास आराखड्याच्या नमुन्यात पालकांच्या मागण्यांसाठी जागा असावी आणि मागणी नाकारली तर कारण लेखी मिळावे.

सातवीच्या पुढच्या मुलींच्या आयांना दिवाळीच्या आधी तालुक्याच्या वसतिगृहाची भेट घडवावी, जाण्या-येण्याचा खर्च प्रशासनाने करावा.

यातल्या बहुतेक गोष्टींना नवा कायदा लागत नाही, काहींना तर पैसाही लागत नाही. तारखा बदलाव्या लागतात आणि आई-बापांना आरोपी न समजता बरोबरीचे समजावे लागते. आमच्या बाजूने आम्ही काय करू तेही लिहून देते. समितीतल्या आम्ही बायका संध्याकाळच्या अभ्यासाला आळीपाळीने बसू. ज्या घरात फक्त म्हातारी आहे तिथे रोज सकाळी हाक मारू. मूल दोन दिवस शाळेत दिसले नाही तर शाळेच्या आधी आम्ही त्याच्या दारात असू. हे हमीपत्र माझ्या सहीने घ्या.

२६ जानेवारीची ग्रामसभा होईल तेव्हा माझा भाऊ, वहिनी आणि वाडीतले बहुतेक पालक फडावर असतील. १ मेच्या ग्रामसभेला ते गावात असतात. आपले लेखी उत्तर त्याआधी मिळावे. मागणीनिहाय असावे: कोणती मान्य, कोणती नाही आणि का नाही. ते मला त्या सभेत सगळ्यांसमोर वाचून दाखवायचे आहे आणि येत्या हंगामासाठी कोणते मूल कोणाकडे राहणार याची यादी त्याच दिवशी करायची आहे.

आपली,
एक पालक
अध्यक्ष, शाळा व्यवस्थापन समिती
जिल्हा परिषद प्राथमिक शाळा